येरळवाडी-मायणीला (जि. सातारा) रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायला नक्की कधी यावं?

कृष्णाकाठची:
नमस्कार. मुलगी तिसरीत आहे. फ्लेमिंगोचं चित्र बघितल्यापासून तिचा एकच धोशा चाललाय. सांगलीहून गाडीनं येऊ, सोबत सासूबाई असतील, त्यांना फार चालवत नाही. डिसेंबरात यावं की फेब्रुवारीत? एवढं लांब येऊन पक्षी दिसले नाहीत तर पोरगी हिरमुसेल, म्हणून विचारते.

विटेकर:
तासगाव, विटा, मायणी असा रस्ता धरा. पहाटे निघा, ऊन चढल्यावर काही मजा नाही. थंडी चांगलीच असते, सासूबाईंना शाल घ्या.

खटावचा_शेतकरी:
ताई, तारीख धरून येऊ नका, पाणी बघून या.

रोहित हा उथळ पाण्यातला पक्षी. मान खाली घालून, चोच उलटी धरून तो चिखलपाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव खातो. परतीचा पाऊस जोरात झाला की तलाव तुडुंब भरतात. आम्हाला त्याचा आनंदच असतो, आमचा भाग कायमचा दुष्काळी. पण त्या वर्षी रोहितांना पाय टेकायला जागा राहत नाही. पाणी ओसरून काठाचा चिखल उघडा पडला की मग ते उतरतात. कोरड्या साली हे डिसेंबरातच होतं, ओल्या साली फेब्रुवारी-मार्च उजाडतो.

दुसरं म्हणजे नुसतं मायणी धरून बसू नका. तिथला तलाव जुना, गाळानं भरलेला. २०२१ मध्ये सरकारनं मायणीबरोबर येरळवाडी, सूर्याचीवाडी असे आसपासचे तलावही पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केले, आणि ते अगदी योग्य झालं. एका तलावाचं पाणी आटलं की पाखरं दुसऱ्यावर जातात. त्यांच्या लेखी हे सगळं एकच रान आहे.

मुलीला आधीच सांगून ठेवा, थव्यात काही पक्षी मळकट राखाडी दिसतील. ती पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातून चढतो, त्याला काही वर्षं लागतात. मोठेसुद्धा उभे असताना पांढरटच दिसतात. पंख उघडले की आतला लालकाळा रंग दिसतो.

आणि रोहित नसले तरी हिरमुसायचं कारण नाही. पट्टकदंब बघा. डोक्यामागं दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून येणारा हंस. दुपारी काठावर बसतात, अंधार पडायला लागला की हरभऱ्याच्या रानात उतरतात. माझ्या रानातला कोवळा पाला खातात, पण मी त्यांना हाकलत नाही. एवढ्या लांबून आलेत, दोन घास खाऊ देत. थापट्या बदकं तर पोरांना फार आवडतात. चोच चमच्यासारखी रुंद, पाच-सहा जणं मिळून पाण्यात गोल गोल फिरतात, तळातलं खाणं वर घुसळून काढतात. शिवाय चक्रवाक, शेकाट्या, चित्रबलाक आहेतच. शाळू हुरड्यात आला की भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे येतात, ते वेगळेच.

एक हात जोडून विनंती. फोटोसाठी थवा उठवायला पोरं मोटारसायकल थेट चिखलात घालतात, ड्रोन सोडतात. रोहिताला उडायला आधी पाण्यावर धावत जावं लागतं. सारखं सारखं उठवलं तर त्याचं खाणं मोडतं, आणि परतीच्या प्रवासाला लागणारी चरबी अंगावर धरत नाही. लांबूनच बघा. साधी दुर्बीण असली तरी पुरे. सकाळी पूर्वेच्या काठाला थांबलात तर ऊन पाठीवर येईल आणि रंग नीट दिसतील. सासूबाईंना घडीची खुर्ची आणा, एका जागी बसूनच जास्त दिसतं.

विटेकर:
ड्रोनचं अगदी खरं. आणि पाण्याजवळची जमीन वरून वाळलेली दिसते, खाली गाळ असतो. पोरीचा हात सोडू नका.

कृष्णाकाठची:
दादा, खूप आभार. हंसांचं वाचून दाखवलं, आता तिला तेही बघायचेत! पण पाणी ओसरलं हे आम्हाला इथं बसून कसं कळणार?

खटावचा_शेतकरी:
मी आठवड्याला वडूजच्या बाजाराला जातो, तेव्हा येरळवाडीला वाट वाकडी करून बघून येतोच. सध्या पाणी भरपूर आहे. पट्टकदंब आलेत, रोहित अजून नाहीत. चिखल उघडा पडला की इथंच लिहितो. तुम्ही फक्त रविवार सोडून दुसरा वार काढा, गर्दी कमी असते.