टायटर चांगला, तरी पक्षी खुरखुरतायत. मदत हवी आहे

तुरेवाला: मंडळी लवकर सांगा. लस दिलीये, रिपोर्टमध्ये टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) चांगला आलाय, तरी परवापासून रात्री लाईट घालवली की शेडभर कोंबड्यांच्या श्वासाची नुसती खुरखुर. डोळ्यात फेस, खाद्य कमी. अँटिबायोटिक तीन दिवस चालू, फरक शून्य. अंगात अँटिबॉडी असताना आजार होतोच कसा? लस बोगस होती का? आज परत लासोटा (मानमोडीची लस) मारू का?

रेघोट्या: कसला टायटर? वय किती? लस दिली कशी? नेमकं तेवढंच गाळलंत.

कडूनिंब: लसूण ठेचून पाण्यात, वर हळद. माझे पक्षी दोन वर्षांत शिंकले नाहीत.

खवचट: किती पक्षी?

कडूनिंब: आठ. पण त्याचा काय संबंध?

खवचट: काही नाही, चालू द्या.

तुरेवाला: ब्रॉयलर, २४ दिवस. सातव्या दिवशी लासोटा पाण्यातून, सगळे देतात तशीच, म्हणून लिहिलं नव्हतं. रिपोर्टवर एचआय, रानीखेत असं आहे.

रेघोट्या: एचआय म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी मोजायची टेस्ट, रानीखेत म्हणजेच मानमोडी. मग तो मानमोडीचा टायटर झाला. आयबी म्हणजे इन्फेक्शस ब्राँकायटिस, तो कोरोना गटातला व्हायरस वेगळाच, त्याबद्दल हा कागद मुका आहे. आयबीची लस दिली होती?

तुरेवाला: नाही.

रेघोट्या: आणि मानमोडी धरली तरी टायटर रक्तातला, व्हायरस उतरतो श्वासनळीत. तिथे पहारा आयजीए या आतल्या ओल्या अस्तरावरच्या अँटिबॉडीचा आणि टी पेशी म्हणजे संरक्षक पांढऱ्या पेशींचा, एचआयमध्ये ते दिसत नाही. म्हणून तर डोळ्यात थेंब टाकतात, डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीत ही तयारी होते. शिवाय सातव्या दिवशी पिल्लात आईकडून अंड्यातून आलेल्या अँटिबॉडी शिल्लक असतात, त्या लशीचाच व्हायरस मारून टाकू शकतात.

पाणकोंबडा: बदकं पाळा. व्हायरस ओळखणारं आरआयजी-आय नावाचं जनुक बदकात आहे, कोंबडीत नाही, म्हणून बर्ड फ्लूचे बरेच स्ट्रेन बदक पचवतं.

तुरेवाला: माझ्याकडे बदकं नाहीत हो.

कडूनिंब: एवढं शास्त्र सांगून खुरखुर थांबली का?

रेघोट्या: लसणानेही थांबणार नाही. आणि अँटिबायोटिक व्हायरसला लागत नाही, मागून येणाऱ्या ई. कोलाय बॅक्टेरियाला लागतं, तेही डॉक्टरांनी बघून दिलं तर. आजारी पक्ष्यांना आज लासोटा अजिबात नको, जिवंत लस आहे ती, खुरखुर वाढेल.

शेडमास्तर: शेडमध्ये खाली वाकलात की डोळे चुरचुरतात का? अमोनियाने श्वासनळीतली लव बसते, मग घाण बाहेर ढकलायला कोणी उरत नाही.

तुरेवाला: चुरचुरतात थोडे. थंडी म्हणून पडदे पूर्ण खाली आहेत.

शेडमास्तर: वरून वीतभर उघडा, आत्ता. लस दिली त्या दिवशी टाकीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) होतं?

तुरेवाला: रोजच असतं. पाणी स्वच्छ नको?

खवचट: 🤦

शेडमास्तर: अहो, क्लोरीनने लशीचा व्हायरस टाकीतच मेला असणार. आदल्या दिवसापासून टीसीएल बंद ठेवायचं, लशीच्या पाण्यात लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर.

तुरेवाला: मग टायटर आला कुठून??

रेघोट्या: तेच म्हणतोय. कदाचित खरा मानमोडीचा व्हायरसच फिरून गेलाय, एचआयला लस आणि आजार यातला फरक कळत नाही. आजच डॉक्टरांना बोलवा, नुकत्याच खुरखुरू लागलेल्या पक्ष्यांच्या श्वासनळीचे स्वॅब पीसीआरला (व्हायरस नेमका ओळखणारी टेस्ट) जाऊ द्या, आयबी आणि रानीखेत दोन्ही. मर किती?

तुरेवाला: काल चार, आज अकरा.

रेघोट्या: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! फोन करा आधी.