मुंगूस-कावळ्याची हवाई मोहीम: अंडीचोर तिसऱ्याच प्रकरणात ओळखू येतोय

शाईदौत
८ ते १० वर्षांच्या मुलांसाठी बारा प्रकरणांची रहस्यकथा लिहितेय. कोकणातलं मुंगूस आणि त्याचा जोडीदार कावळा तपासासाठी हवाई बेटांवर जातात. तिथल्या नेने हंसांची अंडी रात्रीतून नाहीशी होतायत आणि आळ आलाय तिथल्या मुंगसांवर. (हंसाचं नाव खरंच नेने, आपल्या आडनावासारखं.) खरा चोर उंदीर, पण तो तिसऱ्या प्रकरणातच कळतो. आणि मुंगूस-नागाची लढाई तिथे शोभेल का?

रानवाटा
लढाई काढा. हवाईत नाग नाही, घोणस नाही. कुंड्यांच्या मातीतून पोचलेला गांडुळाएवढा वाळा साप तेवढा आहे.

त्यापेक्षा खरा इतिहास वापरा, रहस्य त्यातच आहे. उसातले उंदीर मारायला १८७२मध्ये भारतातून जमैकात मुंगसं नेली आणि १८८३मध्ये तिथून हवाईत आणली. पण मुंगूस दिवसा हिंडतं, उंदीर रात्री. गाठ पडेना, म्हणून मुंगसं जमिनीवरच्या पक्ष्यांच्या अंड्यांकडे वळली. त्यामुळे आळ खोटा वाटत नाही, आणि चोरी रात्रीची आहे हाच सुटकेचा पुरावा ठरतो. फक्त मळेवाल्यांची ही चूक पहिल्या पानावर सांगू नका. आठव्या-नवव्या प्रकरणात एखाद्या म्हाताऱ्या मुंगसाच्या तोंडून येऊ द्या.

एक दुरुस्ती. हवाईतलं मुंगूस लहान जातीचं, कोकणातलं राखी. त्यांना सख्खे नव्हे, चुलत भाऊ म्हणा.

पानगळ
चोर लवकर कळतो कारण बहुधा त्याला कथेत दुसरं काही कामच नाही. उंदराला दुसऱ्या प्रकरणातच आणा, आणि मदतनीस म्हणून: वाट दाखवणारा, खाऊ देणारा. संशयित तीन ठेवा, मुंगूस, मांजर आणि उंदीर. मांजर सहाव्यात सुटू दे, मुंगूस दहाव्यात.

चिखलातल्या ठशांचा धागा इथे फार उपयोगी. मुंगसाच्या चारही पायांना पाच बोटं. मांजराच्या ठशात चार, आणि नखं आत ओढलेली असल्याने ती उमटत नाहीत. उंदराच्या पुढच्या पायाची चार, मागच्याची पाच. कावळ्याला चौथ्या प्रकरणात फक्त पुढचे ठसे सापडू द्या. चार बोटं म्हणजे मांजर, असं मुलं ठरवतील. नखांच्या टोकांचे बारीक ठिपके त्याच वाक्यात मध्येच लिहा आणि लगेच पाऊस आणा. धागा परिच्छेदाच्या शेवटी ठेवलात तर तो डोळ्यांत भरतो.

लिहिताना आधी चोरीची रात्र तासातासाने मांडा, कोण कुठे होतं ते. प्रकरणं त्यानंतर. हे राहिलं की शेवटी स्पष्टीकरणांची पानंच्या पानं लागतात.

शाईदौत
प्रवासाचं काय? आणि हे दोघे तर रात्री झोपणारे, मग पाळत कोण ठेवणार?

रानवाटा
जहाजाने पाठवा. आपला गावकावळा जहाजांवरून खरोखरच पूर्व आफ्रिकेत आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर पोचलाय. मुंगसाला वाटेत जहाजावरची झुरळं आणि उंदीर पुरतील. मुंबईत सोमवारी दुपारचे बारा, तेव्हा होनोलुलूत रविवारी रात्रीचे साडेआठ. साडेपंधरा तासांचा हा फरक साक्षीदाराच्या जबानीत घोळ घालायला वापरा.

पण तिथे कावळा लपून राहणार नाही. हवाईचा स्वतःचा कावळा, अलाला, २००२मध्ये जंगलातून नाहीसा झाला. त्यामुळे आपल्याला बघून सगळे का थबकतात हे कावळ्याला कळत नाही, असा प्रसंग जरूर लिहा.

रात्रीसाठी गव्हाणी घुबड घ्या. तेही १९५८मध्ये उंदरांसाठीच हवाईत आणलं. कावळा-घुबडाचं वैर मुलांना ठाऊक असतं, तेव्हा घुबड खरं सांगतंय आणि कावळा ऐकूनच घेत नाही, यावर एक अख्खं प्रकरण निघेल.

शाईदौत
मग उंदराच्या जागी घुबडावरच संशय खिळवता येईल, तेही अकराव्यापर्यंत! चोरीच्या रात्रीचा तक्ता आधी करते आणि इथे टाकते.