पिऊन गाडी : ज्यांनी पाहिलं, ज्यांनी भोगलं, त्यांनी लिहा

माझा धाकटा भाऊ २०११ च्या फेब्रुवारीत गेला. सव्वीस वर्षांचा होता. मित्राला नोकरी लागली म्हणून सातारा रस्त्यावरच्या एका ढाब्यावर सगळे जमले होते. परत येताना हा मागे बसला होता. मोटरसायकल रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली. चालवणारा मित्र वाचला.

निघण्याआधी भावाचा फोन आला होता. "ताई, आतून कडी लावू नकोस, अर्ध्या तासात पोचतो." मागे कोणीतरी हसत होतं, आणि त्या हसण्यावरूनच कळत होतं की सगळ्यांनी घेतलेली आहे. मी "सावकाश या" म्हटलं आणि फोन ठेवला. "तिथेच थांबा, मी रिक्षा घेऊन येते" हे तोंडावर आलं होतं. चारचौघांत त्याला कमीपणा नको म्हणून गिळलं.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४. आणि दारू किंवा नशेत गाडी चालवण्याच्या खात्यावर देशभरात सुमारे ४,२००. शेकडा अडीच! हा आकडा मला कधीच पटला नाही. शनिवारी रात्री कुठल्याही हायवेवरच्या हॉटेलसमोर दहा मिनिटं उभं राहा, तुम्हालाही पटणार नाही.

म्हणून हा धागा. धडक खाल्लेल्यांनी लिहा, मागे बसलेल्यांनी लिहा, स्वतः पिऊन चालवली त्यांनीही लिहा. इथे कोणी कोणाला दगड मारणार नाही, एवढं मी बघते.

अपघात विभागात अकरा वर्षं काढलेला डॉक्टर, नाशिककडचा

ताई, शेकडा अडीच कसे होतात ते मी सांगतो, कारण त्यात माझाही हात आहे.

रक्तातली दारू मोजायची तर नमुना घ्यायची पद्धत आहे. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसायची नाही, नाहीतर ते स्पिरिटच नमुन्यात आलं असं वकील म्हणतो. बाटलीत सोडियम फ्लोराइड असावं लागतं, म्हणजे रक्त प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नासत नाही. सील, सही, पोलिसांचं पत्र. हे सगळं रात्री दोन वाजता, तीन स्ट्रेचर दारात असताना. पोलिसांनी पत्रच दिलं नाही तर नमुना घेतला जात नाही. जखमी आधी तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून खासगीत. माणसाचं यकृत दर तासाला शंभर मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅम दारू संपवतं. अपघाताच्या वेळी शंभर मिलिलिटर रक्तात ११० मिलिग्रॅम असलेला माणूस पाच-सहा तासांत ३० च्या खाली येतो, आणि ३० हीच कायद्याची मर्यादा. सकाळी घेतलेला नमुना त्याला निर्दोष ठरवतो.

आणि जो गेला, त्याचं काय? नातेवाईक हात जोडून उभे राहतात. "डॉक्टरसाहेब, वास येत होता हे केसपेपरवर लिहू नका, विम्याचा क्लेम जाईल, पोरं उघडी पडतील." एकदा एक म्हातारी माझ्या पायावर डोकं ठेवून बसली होती. मी लिहिलं नाही. असं मी किती वेळा केलं हे मोजलेलं नाही.

नांदेड

वडील. २००४. समोरून जीप. जीपवाला गावातलाच, आमच्या नात्यातला. गुन्हा नोंदवलाच नाही. लग्नकार्यात तो अजूनही आमच्या पंगतीला बसतो, आई त्याला वाढते.

वाहतूक शाखेतून निवृत्त, मुंबई

एकतीस डिसेंबरच्या बावीस नाकाबंद्या केल्या मी. लोक वेलची खाऊन येतात, पान लावून येतात, कोणी चक्क टूथपेस्ट चोळून येतो. त्याने काही होत नाही, यंत्र फुप्फुसातल्या खोलवरच्या हवेतली दारू मोजतं. मग हळूच फुंकतात, गाल फुगवून. आम्ही म्हणायचो, "साहेब, फुगा नाही फुगवायचा, जोरात." नळी प्रत्येकाला नवीन, हे त्यांच्यासमोर पाकीट फोडून दाखवावं लागतं.

पिऊन गाडी चालवल्याचा, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा गुन्हा रस्त्यावर मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. पहिल्या वेळी दंड २,००० होता, २०१९ च्या दुरुस्तीत तो १०,००० पर्यंत गेला, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत. तरी फोन यायचे. मला आलेल्या फोनांबद्दल मी इथे लिहिणार नाही, पण दोन वेळा मी गाडी सोडली आहे. त्यातली एक पुढे कुठे गेली हे दुसऱ्या दिवशी पेपर उघडेपर्यंत माझ्या पोटात गोळा होता. काही झालं नव्हतं. माझ्या हुशारीने नव्हे.

एक बाई मात्र आठवते. नवरा हुज्जत घालत होता, माझी ओळख आहे वगैरे. मागच्या सीटवर तिच्या मांडीवर लेकरू झोपलेलं. तिने काच खाली केली आणि मला म्हणाली, "भाऊ, ह्यांना सोडू नका. आम्ही टॅक्सीने जातो." नवरा तिच्याकडे बघतच राहिला.

मी चालवत होतो. पश्चिम महाराष्ट्र.

हे बायकोशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

२०१३, दिवाळीनंतरचा आठवडा. रात्रभर पत्ते आणि दारू, पहाटे साडेपाचला निघालो. दोन तास झोप झाली होती, तोंड धुतलं होतं, चहा घेतला होता. मला मनापासून वाटत होतं की उतरलेली आहे. दूधवाला सायकलवर होता, दोन्ही बाजूंना किटल्या. मला तो दिसला, नीट दिसला, आणि ब्रेकवर पाय उशिरा पडला. हे लोकांना समजत नाही. डोळ्यांसमोर अंधारी वगैरे येत नाही. सगळं दिसतं, फक्त हातपाय एक श्वास मागे असतात.

रस्त्यावर दूध पसरलं होतं आणि थंडीत त्यातून वाफ निघत होती. तो बसून होता, पाय वेड्यासारखा वळलेला, आणि मला म्हणत होता, "किटली उचला, किटली उचला." मी किटली उचलली. त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

मांडीत रॉड घातला. माणूस जगला. दवाखान्याचा खर्च मी केला, दुखापतीचं कलम आपसात मिटलं. पिऊन चालवल्याबद्दल २,००० दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहायचं. माझ्या शेजारी सायकल चोरलेला एक पोरगा होता, त्याला तुरुंगात नेलं. मी पाचनंतर घरी आलो आणि जेवलो.

त्या माणसाने दुधाचा धंदा सोडला, त्याला सायकल मारता येत नाही. मी दर दिवाळीला जातो. तो चहा देतो. दोघांनाही काय बोलावं कळत नाही. त्यानंतर मी थेंब घेतलेला नाही, पण त्याचं मोठेपण मला नको. त्याच्या पायाला त्याचा काय उपयोग?

हायवेवरच्या ढाब्यावर वाढपी होतो

सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१७ पासून हायवेच्या ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली, तेव्हा आमच्याकडचा बोर्ड उतरला. दारू नाही उतरली. स्टीलच्या ग्लासात, वर थोडा कोला ओतून. ट्रकवाल्यांपेक्षा घरच्या गाड्यांतले लोक जास्त. जेवण झालं की मालक म्हणायचा, पाण्याच्या बाटल्या गाडीत ठेवून ये. मी ठेवायचो, दार लावून द्यायचो, वर हात करायचो. कितीतरी जणांना असं मी स्वतः गाडीत बसवून दिलंय.

सोलापूर जिल्हा

मिस्टर टेंपो चालवायचे. चौतीस वय. रात्री कांदा घेऊन निघाले होते, समोरची गाडी दुभाजक ओलांडून आली. त्या गाडीत बाटल्या सापडल्या, पंचनाम्यात आहेत.

मोटार अपघात दाव्याचं कोर्ट काय असतं ते सांगते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे माणसाचा हिशोब होतो. मिस्टरांची पगाराची चिठ्ठी नव्हती, मग महिन्याचं उत्पन्न वकिलांनी एक सांगितलं, विमा कंपनीने निम्मं. घरात मागे राहिलेले चार, मी, दोन लेकरं, सासूबाई, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चापोटी उत्पन्नाचा चौथा हिस्सा वजा. उरलेलं वर्षाचं उत्पन्न, त्याला सोळाने गुणायचं. सोळा का, तर मरताना वय एकतीस ते पस्तीसमध्ये होतं म्हणून. चार साक्षी, सहा वर्षं. समोरचा प्यायलेला होता म्हणून आम्ही पैसे देणं लागत नाही, असंही कंपनीचा वकील म्हणाला. म्हणजे त्याने प्यायली, आणि उपाशी आम्ही राहायचं? शेवटी निकाल असा झाला की कंपनीने आधी आम्हाला द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्या बहिणींना सांगते : पहिल्या आठवड्यातच फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाच्या नकला मागून ठेवा. गाडी न थांबता पळाली आणि सापडलीच नाही, तरी सरकारकडून २ लाख मिळतात, २०२२ पासून. आमच्या शेजारणीला हे माहीतच नव्हतं.

फोंडा, गोवा

६ ऑगस्ट २०२३ ला बाणस्तारीच्या पुलावर मर्सिडीजने तिघांचा जीव घेतला. तो माझा रोजचा रस्ता. त्या रात्री मी घरीच होतो. रविवार होता, नाहीतर तीच वेळ माझी परतण्याची. आमच्याकडे दारू स्वस्त, म्हणून बाहेरचे येतात आणि भाड्याच्या दुचाक्या घेतात. तिकडे तुम्ही "गोव्याला चाललो" म्हणता ना, तेव्हा आम्हाला त्या रस्त्यावरून मुलांना शाळेत न्यायचं असतं. एवढंच सांगायचं होतं.

टोकियोहून

इथे ऑफिसची पार्टी म्हणजे पिणं आलंच, भारतापेक्षा जास्तच. २००६ मध्ये फुकुओकात दारू प्यायलेल्या माणसाने एका कुटुंबाची गाडी पुलावरून समुद्रात ढकलली, तीन लहान भावंडं गेली. देश हादरला. २००७ मध्ये कायदा बदलला. आता पिणाऱ्यासोबत गाडीत बसणारा, त्याला गाडी देणारा आणि त्याला दारू देणारा, तिघेही गुन्हेगार ठरतात. हॉटेलवाला आधी विचारतो, गाडी आणली आहे का.

आणि "दायको" म्हणून सोय असते. फोन केला की दोन माणसं येतात. एक तुमची गाडी तुम्हाला बसवून घरी नेतो, दुसरा त्यांची गाडी घेऊन मागून येतो. पहिल्यांदा मला फार चैनीचं वाटलं. मग लक्षात आलं, पुण्यात आम्ही मित्र एकेका बैठकीला जेवढा खर्च करायचो त्यात हे सहज बसलं असतं. आम्ही मात्र "कोण कमी प्यायलाय" हे ठरवून त्याच्या हाती किल्ली द्यायचो.

कराड

आमच्या घरी किल्ली तांदळाच्या डब्यात असायची. बाबा संध्याकाळी एकदा घरी आले की आई स्कूटरची किल्ली काढून घ्यायची आणि डब्यात तळाशी खुपसायची. ते सगळं घर उलटंपालटं करायचे, आईला मारायचेसुद्धा. तिने कधी सांगितलं नाही. मला माहीत होतं, मीही सांगितलं नाही, आठ वर्षांची होते. शेजारी म्हणायचे, देऊन टाक ना बाई, कशाला रोजची कटकट. आई म्हणायची, "मला मारतील तर मी उठून उभी राहीन. रस्त्यावर कोणाचं पोर उठायचं नाही." बाबा आता पीत नाहीत. आईच्या उजव्या हाताचं बोट अजून सरळ होत नाही.

धागाकर्ती

डॉक्टर, तुमचं वाचून रात्री भावाची फाइल काढली. चौदा वर्षांनी.

चालवणाऱ्या मित्राच्या तपासणीच्या कागदावर दारूचा रकाना आहे. त्यात आडवी रेघ मारलेली आहे. नमुना घेतल्याची नोंद कुठेच नाही.

त्याच्या मागे पिवळ्या पडलेल्या कागदावर माझा जबाब आहे. माझी सही आहे. "मित्रांसोबत जेवायला गेला होता" एवढंच लिहिलंय. हवालदारांनी विचारलं होतं, प्यायले होते का. आईने माझ्याकडे बघितलं. त्या मित्राच्या आईलाही तो एकटाच होता. मी म्हटलं, माहीत नाही.