घाई नसलेला, पण डोकं लागेल असा गेम सुचवा (वय ६१, लॅपटॉप जुना)

निवृत्त_अव्वल:
नमस्कार मंडळी. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, त्याला तीन वर्षं होतील. मुलीने तिचा जुना लॅपटॉप दिलाय. चार जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही. दिवाळीत नातवाने त्याच्या मशीनवर बंदुकांचा एक गेम हातात दिला. उजव्या हाताने माऊस फिरवून मान वळवायची आणि डाव्या हाताने चालायचं. मी बराच वेळ एका कोपऱ्यात आढ्याकडे बघत उभा होतो, मग कोणीतरी येऊन मला मारलं. नातू हसून लोळला.

पत्ते, कॅरम, बुद्धिबळ येतं. मोबाईलवरच्या गोळ्या फोडायच्या नाहीत, त्यातल्या जाहिरातींनी डोकं उठतं. एकदाच पैसे भरून घ्यायची तयारी आहे. इंग्रजी वाचता येतं, म्हणजे सरकारी इंग्रजी.

रात्रपाळी:
एल्डन रिंग घ्या काका.

(गंमत केली. तो उघडायलाच बारा जीबी रॅम लागते, आणि तिथे आमच्यासारखे मुरलेलेही दर पाच मिनिटांनी मरतात. संध्याकाळी नीट लिहितो.)

झारीवाली:
काका, हा वयाचा प्रश्न नाही. मान एका हाताने आणि पाय दुसऱ्या हाताने हलवायची सवय या पोरांना लहानपणापासून असते. माझी आई पस्तिशीत असती तरी त्याच कोपऱ्यात अडकली असती. तेव्हा गेम निवडताना एवढंच बघा, की कॅमेरा स्थिर आहे ना.

माझं मत स्टारड्यू व्हॅलीला. एरिक बरोन नावाच्या माणसाने साडेचार वर्षं एकट्याने बसून केला, २०१६ मध्ये आला. चित्रं, संगीत, सगळं त्याचंच. आजोबांची पडीक शेती तुमच्या नावावर होते आणि हातात पार्सनिपच्या पंधरा बिया पडतात. पार्सनिप म्हणजे पांढरं गाजर समजा, चार दिवसांत निघतं. ऋतू अठ्ठावीस दिवसांचा. मी पहिल्या वर्षी वसंतातल्या सव्वीस तारखेला पेरणी केली आणि एकोणतिसाव्या दिवशी सगळं वाळून गेलेलं. आमचे बाबा तासगावचे, द्राक्षवाले. मागे उभं राहून म्हणाले, "हंगाम न बघता पेरलंसच कशाला?" मग रोज झारीने पाणी घालताना पाहून, "ठिबक नाही का यात?" ठिबक नाही, पण तुषार आहे. शेतीची दुसरी पातळी आली की बनवता येतो, मात्र शेजारच्या चारच चौकटी भिजवतो. बाबांना ते अजिबात पटलं नाही.

मासेमारीच्या नादी लागू नका, तिथे घाईच घाई. आणि गेममधला एक दिवस साधारण चौदा मिनिटांत संपतो, तेवढी धावपळ धरून चाला.

रात्रपाळी:
काका, तुम्ही कचेरीत होतात म्हणून सांगतो: पेपर्स, प्लीज. लुकास पोपचा, २०१३ चा. साल १९८२, अर्स्टोत्झ्का नावाचा काल्पनिक देश, तुम्ही सीमेवरच्या खिडकीत बसलेले कारकून. लोक पासपोर्ट देतात, तुम्ही मुदत, शिक्का, फोटो, गाव तपासायचं आणि हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा. रोज सकाळी नवीन परिपत्रक. तुमच्या लॅपटॉपला अजिबात जड नाही. घड्याळ चालू असतं, पण मान वळवावी लागत नाही.

तो जमला तर त्याच माणसाचा रिटर्न ऑफ द ओब्रा दिन (२०१८). १८०७ मध्ये एक रिकामं जहाज बंदरात येतं. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. साठ जणांपैकी कोण कसा गेला ते वहीत भरायचं. तीन नोंदी बरोबर आल्या की मगच गेम त्या पक्क्या करतो, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. खलाशांत चार हिंदुस्थानीही आहेत. इथे मान वळवायची भानगड आहे, पण मारायला कोणी येत नाही, जहाजावर जिवंत कोणीच नाही.

कट्टा_कॉर्नर:
राजी कोणी सांगितला नाही? आपल्या पुण्यात बनलाय, २०२० चा. कॅमेराही आपला आपण फिरतो.

झारीवाली:
त्यात सारखी मारामारी आहे, आणि ग्राफिक कार्डाशिवाय नकोच.

निवृत्त_अव्वल:
अकरा दिवसांनी लिहितोय, क्षमस्व. पेपर्स, प्लीज घेतला.

त्रुटी काढण्यात मला अडचण नाही. अडचण वेगाची. मी आधी मुदत, मग शिक्का, मग नाव असा क्रमाने जातो, आणि इथे पगार माणशी पाच. चौतीस वर्षं ठरलेला पगार घेतला, उक्तं काम कधी केलं नाही. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका. भाडं भरलं की जेवण नाहीतर शेगडी, दोन्ही जमत नाही. काका गेले. दिवसाच्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून दंड.

एक म्हातारा हाताने काढलेला पासपोर्ट घेऊन आला. देशाचं नाव कोब्रास्तान! असे दाखले घेऊन खिडकीशी उभे राहणारे मी पाहिलेत, आणि त्यांचा चेहराही असाच प्रसन्न असतो.

पाचव्या दिवशी एका माणसाचे कागद ठीक होते, त्याला सोडलं. मागून बायको आली, तिच्याकडे प्रवेश परवाना नाही. लाल शिक्का मारला. नियम तोच आहे. रात्री झोप लागेना. सकाळी उठून तोच दिवस पुन्हा खेळलो आणि हिरवा मारून एक ताकीद घेतली. सौ. म्हणाली, "निवृत्त झालात ना?"

एक शंका. शिक्क्यांची पट्टी दर वेळी माऊसने ओढावी लागते, त्यात वेळ जातो. एखादी किल्ली आहे का?

रात्रपाळी:
आहे, टॅब. पण आधी खिडकीसाठी ती सोय विकत घ्यावी लागते. दिवस संपल्यावर यादीत दिसेल.

निवृत्त_अव्वल:
म्हणजे कचेरीच्या शिक्क्याचा खर्च स्वतःच्या पगारातून. बरोबर. आम्ही शाईची गादीही स्वतःच आणायचो.