मुंबई–नागपूर विमानाने : दारापासून दारापर्यंत तुम्हाला किती वेळ लागला?

मुंबई आणि नागपूरच्या विमानतळांमध्ये सरळ रेषेत साधारण ६८० किलोमीटर अंतर आहे. विमान हवेत असतं तास-सव्वातास. तिकिटावर दीड तास किंवा जरा जास्त लिहिलेलं असतं. माझं माहेर नागपूर, सासर डोंबिवली. या आकड्यांवर विसंबून मी एकदा घरच्यांना फार ताटकळत ठेवलं, म्हणून तुमचेही अनुभव हवे आहेत.

बाबांना रात्री अकराला दवाखान्यात नेलं. मला पहाटेचं विमान मिळालं. "तासाभराचा तर प्रवास, सातपर्यंत येतेच," असं दादाला फोनवर सांगून टाकलं. दोनला टॅक्सीत बसले. तपासणीची रांग, मग विमानात बसल्यावर धावपट्टी मिळेपर्यंत अर्धा तास. सोनेगावला उतरून दवाखान्यात पोचले तेव्हा नऊ वाजले होते. सात तास! बाबा शुद्धीवर होते, "आलीस का गं" म्हणाले. पण दादा सातपासून फाटकाशी उभा होता, त्याचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी विमानाची वेळ सांगतच नाही, दारात पोचायची सांगते.

मनीषनगर, नागपूर
ताई, तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो, म्हणून तो हवेतल्या वेळेपेक्षा जास्त दिसतो. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. एका पावसाळी संध्याकाळी आम्ही चाळीस मिनिटं घिरट्या घालत होतो. शेजारच्या काकूंना दम लागला होता. मी त्यांचा हात धरून बसलो. आणखी एक : हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे असतात, तेव्हा नागपूरला येताना विमान लवकर पोचतं, मुंबईला जाताना रेंगाळतं.

ठाणे
डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं, तेव्हा तिकीट आधीच काढून ठेवा. आम्ही चौघं असलो तर आता समृद्धीनेच जातो. ७०१ किलोमीटरचा महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. जेवणासाठी थांबून दहा तास लागले, पण सामान मोजायला कुणी नाही. येताना संत्र्यांची अख्खी पेटी!

गिरगाव
मेट्रो ३ सुरू झाल्यापासून विमानतळ गाठण्याची धास्ती गेली. माझा वेळ पाच तास.

अमरावती
आम्हाला आधी नागपूर गाठावं लागायचं, दीडशे किलोमीटर. एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. पंख्याचं छोटं एटीआर आहे, पावणेदोन तास घेतं. आईला गुडघ्यांमुळे गाडीत बसवत नाही, तिला पहिल्यांदाच माझ्याकडे आणता आलं.

धरमपेठ, नागपूर
माझे आजोबा टपाल खात्यात होते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या आत आपापल्या शहरी परतत. मुंबईहून यायला डाकोटाला दोन तासांहून जास्त लागत. आजी सांगायची, घरघर ऐकू आली की ती उठून दिवा मोठा करायची. आजोबा कामाला लागले, हे तिला कळायचं.