जुन्या डिझायरला प्लग-इन हायब्रिड किट बसवावं का?

वडगावकर
मंडळी, सल्ला हवाय. माझी पेट्रोल डिझायर नोव्हेंबर २०१४ ची. वडगाव बुद्रुक ते हिंजवडी, वारजे-चांदणी चौकावरून, रोज जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, महिन्याचे २२ दिवस. ट्रॅफिकमध्ये ॲव्हरेज १४ च्या वर जात नाही, म्हणजे सात हजारांच्या वर पेट्रोल. गॅरेजवाले प्लग-इन हायब्रिड किट सुचवतायत, म्हणजे पेट्रोल इंजिन तसंच ठेवून जोडीला प्लगवर चार्ज होणारी वीज: मागच्या चाकांत मोटर, डिकीत ४ किलोवॅट-अवरची लिथियम बॅटरी, एका चार्जला २२ किलोमीटर. सगळं मिळून सव्वादोन लाख.

सीएनजी घेत नाही, कारण आईची व्हीलचेअर. दर शनिवारी तिला फिजिओथेरपीला न्यावं लागतं आणि टाकी बसवली की घडी घातलेली खुर्चीही डिकीत मावणार नाही. बॅटरीची पेटी त्या मानाने लहान आहे. गाडी विकायची नाही. हिच्या पुढच्या सीटची उंची आईला उठबस करायला अगदी बरोबर आहे.

मीनल, ठाणे
२०१० मध्ये पुण्याच्याच केपीआयटी या सॉफ्टवेअर कंपनीने भारत फोर्ज कंपनीसोबत ‘रिवोलो’ नावाचं असंच किट जाहीर केलं होतं. किंमत ६५ हजार ते दीड लाख सांगितली होती. बाबांनी पेपरातलं कात्रण कपाटात जपून ठेवलं होतं, पण सामान्य गिऱ्हाइकाला ते किट कधी मिळालंच नाही. अशा किटसाठी नियम आले २०१६ मध्ये.

स्पॅनर_कोथरूड
वडगावकर, आधी आकडे मांडू. पेट्रोल १०४ धरतो. २२ किलोमीटरला १६३ रुपयांचं पेट्रोल जळतं. तेवढंच अंतर विजेवर गेलात तर ४ युनिट, घरच्या बिलावर वरच्या स्लॅबने सगळे आकार धरून १४ रुपयांनी ५६. म्हणजे दिवसाला १०७ रुपये वाचले, वर्षाला साधारण २८ हजार. तुमची आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, २०२९ पर्यंत. तोवर सव्वा लाखही सुटत नाहीत आणि घालायचेत सव्वादोन.

पण ऑफिसात फुकट चार्जिंग मिळालं तर परतीचे १६३ पूर्ण वाचतात. दिवसाला २७० झाले, तीन-सव्वातीन वर्षांत किट फिटतं. तेव्हा किटच्या आधी ऑफिसातल्या सॉकेटचं बघा.

आता पैशापलीकडचं. मी स्वतःच्या जुन्या वॅगन-आरला असंच किट बसवून घेतलं होतं. जॅममध्ये फार सुख वाटायचं, इंजिन बंद, गाडी चिडीचूप पुढे सरकायची. एकदा संध्याकाळी चांदणी चौकाच्या उतारावर इंजिन बंद ठेवून मोटरवर चाललो होतो. दोनदा ब्रेक दाबला, नीट लागला. तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं झालं. दोन्ही पाय देऊन, हँडब्रेक ओढून पुढच्या टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबलो. पेडलचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या खेचीवर) चालतो, इंजिन बंद असलं की दोन-तीन दाबांत साठा संपतो. वेगळा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप लागतो आणि बसवणाऱ्याने तो दिलाच नव्हता. ही गोष्ट मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगतो. आईला घेऊन जाणार आहात, म्हणून जास्तच कळकळीने सांगतोय.

एसीचंही तेच. कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे मे महिन्यात इंजिन बंद ठेवणं होत नाही आणि वरचा हिशेब आणखी ढासळतो. मागच्या ब्रेकच्या ड्रमच्या जागी मोटर येणार असेल तर हँडब्रेक कशाला धरतो, तेही विचारा.

कागद सगळ्यात महत्त्वाचे. किटला एआयएस-१२३ या अशा किटच्या मानकाप्रमाणे मंजुरी हवी, तीही तुमच्याच मॉडेलला लागू होणारी. बदलाची नोंद आरसीवर झालीच पाहिजे. माझी झाली नाही, कारण मंजुरीचा कागदच नव्हता. विमा एजंटने स्पष्ट सांगितलं, काही घडलं तर क्लेम अडकेल. आठ महिन्यांत किट उतरवलं.

मीनल, ठाणे
दादा, सीएनजी खुर्चीमुळेच अडलं असेल तर खुर्चीची मागची मोठी चाकं निघतात का बघा. आमच्या सासूबाईंच्या खुर्चीला मधोमध बटण होतं, दाबलं की चाक हातात. मग सांगाडा मागच्या सीटवर ठेवायचो आणि चाकं पायाशी.

वडगावकर
स्पॅनरदादा, ब्रेकचं वाचून रात्री झोप लागली नाही. गॅरेजवाल्यांना फोन केला. व्हॅक्यूम पंप ‘हवा असेल तर वेगळा’ म्हणाले, मंजुरीचा कागद ‘येतोय’ म्हणाले. ऑफिसच्या ॲडमिननेही बेसमेंटमधलं सॉकेट द्यायला नकार दिला. किटचा विषय सोडला.

मीनलताई, आमच्या खुर्चीला बटण नाही, पण सर्जिकलच्या दुकानात तशी चाकं असलेली खुर्ची बघून आलो. सीएनजी किलोला ९० आणि ॲव्हरेज २० धरलं तर महिन्याला २,८०० वाचतात. सीएनजी किटचे ६० हजार दोन वर्षांच्या आत निघतील. शनिवारी आईला दुकानात नेतो. नव्या खुर्चीत तिला बसून बरं वाटलं, तरच टाकी बसवायची.