मदत हवी आहे: फँटसी फुटबॉल, आठवडा १४, अंदाजात ११ गुणांनी मागे, लाइनअप कशी लावू?

निनाद_पुणे

एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या) फँटसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपला संघ करून त्यांच्या सामन्यातल्या कामगिरीवर गुण मिळवायच्या खेळात, साखळीचा शेवटचा आठवडा आहे. जिंकलो तर प्लेऑफ, हरलो तर यंदाचं खेळणं संपलं. लीगमधले दोघं इथे नेहमी वाचतात, म्हणून खेळाडूंची नावं देत नाही, भूमिका आणि अ‍ॅपचे अंदाज देतो.

१२ संघ, झेलामागे अर्धा गुण. १ क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा), २ रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे), २ रिसीव्हर (फेकी झेलणारे), १ टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही), १ फ्लेक्स (बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड, कुणीही चालतो अशी जागा), १ किकर, १ डिफेन्स (एखाद्या संघाचा अख्खा बचाव), बेंचवर ६. वेव्हरच्या (मोकळ्या खेळाडूंवर बोली लावायच्या) १०० डॉलरपैकी माझ्याकडे १७ उरलेत. अंदाज: मी १०८, समोरचा ११९. त्याच्याकडे एकाच संघाचा क्वार्टरबॅक आणि त्याचा पहिल्या नंबरचा रिसीव्हर अशी जोडी आहे.

अडलंय ते असं.

क्वार्टरबॅक: क१ जागेवर उभा राहून फेकणारा, माझ्या रिसीव्हर र१ चाच क्वार्टरबॅक. छताखालचं मैदान, अंदाज १८. क२ पळणारा, अंदाज १९.५, उघडं मैदान.

रनिंग बॅक: ब१ पक्का. ब२ चा हॅमस्ट्रिंग दुखावलाय, सामना तिकडच्या रविवारी दुपारी ४:२५ चा. ब३ बेंचवर, दर सामन्यात १३-१४ वेळा चेंडू हातात येणारा, अंदाज ११, रविवार रात्रीचा सामना.

रिसीव्हर: र१ आणि र३ दुपारी १ च्या सामन्यांत, र२ सोमवारी रात्री. र३ लांब पल्ल्याचा, ५-६ टार्गेट्स (त्याच्याकडे येणाऱ्या फेकी), अंदाज ९.५. र४ गुरुवारी खेळतो, अंदाज ८.५.

डिफेन्स: ड१ घरच्या मैदानावर वरचढ, अंदाज ७.५. ड२ समोरच्याच्या क्वार्टरबॅकविरुद्ध, अंदाज ५.५.

किकर: उघड्या मैदानावर, वारा ताशी ३० किलोमीटरच्या पुढे असेल असं हवामानखातं म्हणतंय.

मी पुण्यात आहे, त्यामुळे रात्री कधी जागं राहायचं तेही सांगा.

एडिसनकर

उत्तराआधी तीन गोष्टी विचारतो. पासिंग टचडाउनला (फेकीवर चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला तर) ४ की ६? इंटरसेप्शनला (फेक समोरच्या संघाने झेलली तर) उणे १ की उणे २? ब२ च्या संघातला दुसरा बॅक कुणाकडे आहे?

निनाद_पुणे

४ गुण, उणे १. दुसरा बॅक वेव्हरवर मोकळा आहे. वेव्हर बुधवारी पहाटे, म्हणजे आपल्या बुधवारी दुपारी लागतं.

एडिसनकर

मग पहिलं काम तेच. त्या बॅकवर ९ डॉलर लावा. ब२ बसला तर त्याचे बहुतेक कॅरीज (चेंडू घेऊन पळण्याच्या संधी) यालाच मिळणार आणि सामना एकच असल्यामुळे वेळेचा घोळ नाही. बाकी ८ डॉलर प्लेऑफसाठी राहतात. १७ चे १७ लावू नका. १५ व्या आठवड्यात कुणी जखमी झालं तर हात रिकामे राहतील.

आता मूळ मुद्दा. तुम्ही ११ ने मागे आहात. तुमच्या सगळ्यांनी अंदाजाइतके गुण केले आणि त्याच्याही सगळ्यांनी केले, तर तुम्ही हरता. म्हणून जवळपास सारख्या दोन खेळाडूंत ज्याचे गुण ४ ते २५ असे हेलकावतात तो घ्यायचा, ९ ते १३ मध्ये राहणारा नाही. पुढे असणाऱ्याने याच्या नेमकं उलट करायचं.

क्वार्टरबॅकला हेच लावून बघा. क१ ने र१ ला ४० यार्डांचा टचडाउन फेकला तर र१ ला ०.५ अधिक ४ अधिक ६, म्हणजे १०.५. क१ ला १.६ अधिक ४, म्हणजे ५.६. एका फेकीत १६.१. क२ लावलात तर त्याच फेकीचे तुम्हाला १०.५ च मिळतात. जोडी चालली की दोघं एकत्र वर जातात, बिघडली की एकत्र खाली येतात. मागे असणाऱ्याला हा हेलकावा हवाच असतो.

जोडी काय करू शकते ते बघायचं असेल तर ७ नोव्हेंबर २०२४ चा गुरुवारचा सामना बघा, सिनसिनाटी विरुद्ध बाल्टिमोर. जो बरोचे ४२८ यार्ड आणि ४ टचडाउन, जमार चेसचे ११ झेल, २६४ यार्ड, ३ टचडाउन. तुमच्या नियमांनी एकटा चेस ४९.९ आणि बरो फेकण्याचेच ३३. सिनसिनाटी तो सामना ३५-३४ असा हरलं, पण फँटसीत ज्याच्याकडे हे दोघं होते त्याला हरवणं जवळजवळ अशक्य होतं. तुमच्या प्रतिस्पर्ध्याकडेही जोडीच आहे, म्हणून त्याच्या ११९ कडेही पक्का आकडा म्हणून बघू नका.

चौथा_डाउन

एडिसनकरांच्या तत्त्वाशी सहमत, क्वार्टरबॅकच्या निवडीशी नाही.

पळणाऱ्या क्वार्टरबॅकचं गणित वेगळं असतं. ५० यार्ड पळाला की ५ गुण. तेवढ्यासाठी फेकणाऱ्याला १२५ यार्ड लागतात. पळून केलेल्या टचडाउनला ६, फेकलेल्याला ४. त्यामुळे क२ चा फ्लोअरही (वाईट दिवशीचे गुण) वर आणि सीलिंगही (चांगल्या दिवशीचे गुण) वर. पळणारा म्हणजे सुरक्षित पर्याय, असं धरून चालू नका. अंदाजातही तो दीड गुणाने पुढे आहे.

माझा नियम सोपा आहे. हेलकाव्यासाठी एका जागेवर फार तर १ ते १.५ गुण सोडायचे, सगळ्या लाइनअपमध्ये मिळून ३ च्या आत. ११ ची तूट मोठी दिसते, पण एका आठवड्यात एक खेळाडूच अंदाजापेक्षा १५ ने वर-खाली होतो. ती भरायला प्रत्येक जागेवर जुगार लावला की तूट १६ ची होते.

सायली_मिशिगन

दोघांच्या मधे निकाल लावायला सामन्यांच्या रेषा बघा, म्हणजे सट्टेबाजांनी धरलेले दोन्ही संघांचे एकूण गुण आणि फरक. एकूण गुणांची रेषा अर्धी करायची आणि फरकाचा अर्धा त्यात मिळवायचा किंवा वजा करायचा. रेषा ४७ आणि एक संघ ५ ने वरचढ असेल तर २३.५ अधिक २.५, म्हणजे २६, दुसऱ्याचे २१. क१ च्या संघाचे किती येतात, क२ च्या संघाचे किती?

निनाद_पुणे

क१ च्या सामन्याची रेषा ५१, त्याचा संघ १ ने मागे, म्हणजे २५. क२ चा ४२.५, अडीचने पुढे, म्हणजे २२.५. किकर ज्या गावात खेळतो तिथेच क२ चा सामना आहे.

सायली_मिशिगन

मग क१. एकतर छताखाली, दुसरं म्हणजे ५१ ची रेषा आणि १ चा फरक. असे सामने शेवटपर्यंत अटीतटीचे राहतात, दोन्ही संघ चौथ्या क्वार्टरमध्येही फेकत राहतात. एकतर्फी सामन्यात पुढचा संघ घड्याळ संपवायला चेंडू पळवत बसतो आणि र१ चे टार्गेट्स आटतात.

वाऱ्याबद्दल. पाऊस आणि हलका बर्फ याला लोक उगाच घाबरतात. खरी अडचण वाऱ्याची: ताशी २५ किलोमीटरपर्यंत फारसं काही होत नाही, ३०-३५ च्या पुढे लांब फेकी आणि ४५ यार्डांपलीकडच्या किक संघ टाळायला लागतात. टोकाचं उदाहरण ६ डिसेंबर २०२१, बफेलो. न्यू इंग्लंडच्या मॅक जोन्सने अख्ख्या सामन्यात ३ पास फेकले आणि संघ १४-१० ने जिंकला. डेमियन हॅरिसने मात्र एकाच धावेत ६४ यार्डांचा टचडाउन केला. अशा हवेत रिसीव्हर आणि किकर बुडतात, बॅक बुडतोच असं नाही. म्हणजे क२ चे पाय वाऱ्यात चालतील, पण त्याच्या १९.५ मधला फेकण्याचा भाग आक्रसेल. अ‍ॅपच्या अंदाजात शुक्रवारचं हवामान धरलेलं असेलच असं नाही.

किकर बदला. बुधवारचं वेव्हर झालं की उरलेले खेळाडू फुकट मिळतात, तेव्हा छताखाली खेळणारा आणि ज्याच्या संघाचे २३ च्या वर अपेक्षित आहेत असा उचला. डेट्रॉइट, मिनियापोलीस, न्यू ऑर्लीन्स, लास वेगास ही कायम छताची मैदानं. डॅलस, ह्यूस्टन, इंडियानापोलिस, अटलांटा, अ‍ॅरिझोनाची छतं उघडतात, पण वाईट हवेत बंदच असतात. किकरसाठी डॉलर खर्चू नका.

चौथा_डाउन

रेषा बघितल्यावर क१ मान्य. वारा आणि २२.५ धरले तर दीड गुणाचा फरक उरतच नाही.

डिफेन्सवर माझं मत. ड२ घ्यायचा मोह होतो, कारण त्याच्या क्वार्टरबॅकने इंटरसेप्शन दिलं की तुम्हाला २ मिळतात आणि त्याचा १ जातो. तीनचा फरक. पण त्यासाठी तुम्ही आधीच २ गुण सोडताय, आणि २४-२५ गुण करणाऱ्या संघाविरुद्ध पॉइंट्स अलाउडचे (समोरच्या संघाला किती गुण करू दिले त्याचे) शून्य मिळतात, ३५ झाले तर उणे ४. ड१ चा प्रतिस्पर्धी किती अपेक्षित?

निनाद_पुणे

रेषा ४१, ड१ चा संघ ६ ने वरचढ. म्हणजे १७.५.

चौथा_डाउन

प्रश्नच नाही, ड१. मागे पडलेला संघ फेकत सुटतो आणि सॅक (फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं), इंटरसेप्शन तिथेच मिळतात. डिफेन्सचे खरे गुण तेच. समोरच्याला कमी गुण करू दिल्याचा एखादा गुण ही वरची भर.

फ्लेक्सबद्दल एक सांगून ठेवतो. समोरच्याच्या क्वार्टरबॅकचा दुसरा किंवा तिसरा रिसीव्हर वेव्हरवर दिसला तर या आठवड्यात घेऊ नका. त्याचे गुण वाढले की तुमचेही वाढतात, म्हणजे फरक तिथेच गोठतो. ती युक्ती ११ ने पुढे असणाऱ्याची.

एडिसनकर

आता जागा आणि वेळा. इथेच सर्वांत जास्त सामने हातचे जातात, कारण खेळाडू त्याच्या सामन्याच्या किकऑफला (सामना सुरू होताच) कुलूपबंद होतो आणि तो फ्लेक्समध्ये असेल तर फ्लेक्सही बंद होतो.

सर्वांत उशिरा खेळणारा फ्लेक्समध्ये. तुमच्याकडे तो र२. म्हणून र१ आणि र३ रिसीव्हरच्या जागी, र२ फ्लेक्समध्ये, ब१ आणि ब२ बॅकच्या जागी, ब३ बेंचवर. र४ ला विसरा. गुरुवारच्या खेळाडूला लावायचंच झालं तर कधीही फ्लेक्समध्ये नाही.

डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क आणि पुणे यांत साडेदहा तासांचा फरक. रविवार दुपारी १ चे सामने आपल्याकडे रात्री ११:३० ला, ४:२५ चे पहाटे २:५५ ला, रविवार रात्रीचा सोमवारी सकाळी ६:५० ला, सोमवारचा मंगळवारी सकाळी ६:४५ ला. न खेळणाऱ्यांची यादी प्रत्येक सामन्याच्या दीड तास आधी येते. म्हणून तुमचे गजर असे: रविवार रात्री १० ला र१, र३, क१ बघायला, मग १:२५ ला ब२ साठी. नंतर झोपा आणि ६:३० ला उठा. (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ मागे जातं; त्याआधी या सगळ्या वेळा तासभर अलीकडे असतात. जुने गजर तपासून घ्या.)

६:३० ला फ्लेक्सचा खरा निर्णय. तोवर दुपारचे सगळे सामने संपलेले असतील. तुम्ही सावरून पुढे गेला असाल तर फ्लेक्समध्ये ब३, स्थिर ११. अजून मागे असाल तर र२ राहू दे. ब२ बसला तर त्याच्या जागी त्याच संघाचा दुसरा बॅक आणि फ्लेक्सचा हा निर्णय तसाच मोकळा राहतो.

सायली_मिशिगन

ब२ साठी सरावाचे अहवाल रोज वाचा: बुधवार, गुरुवार, शुक्रवार. बुधवारी सराव नाही याला फार किंमत नाही. शुक्रवारी पूर्ण सराव असेल तर निर्धास्त लावा. शुक्रवारी मर्यादित आणि शेरा 'क्वेश्चनेबल' (खेळेल की नाही नक्की नाही) असेल तर १:२५ ची यादी बघायचीच. तिन्ही दिवस सराव नाही तर तो न खेळणाऱ्यांच्या यादीत नसला तरी लावू नका. हॅमस्ट्रिंग पहिल्या क्वार्टरमध्ये पुन्हा ताणला की १.४ गुणांवर जागा अडकते आणि बदलता येत नाही.

निनाद_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: क१, ब१, ब२, र१, र३, फ्लेक्स र२, ड१, किकर छताखालचा, ९ डॉलर दुसऱ्या बॅकवर. एक शंका: र२ ऐनवेळी मंगळवारी बसला तर?

चौथा_डाउन

त्यासाठी सोमवारच्याच सामन्यातला कुणीही रिसीव्हर किंवा बॅक बेंचवर हवा, दोन्हींपैकी कोणत्याही संघाचा. र४ गुरुवारी खेळतो, तो सामना सुरू व्हायच्या आधीच त्याला सोडून ही जागा करून घ्या. किकऑफनंतर बऱ्याच लीगमध्ये सोडता येत नाही. यादी मंगळवारी पहाटे ५:१५ ला.

आणि ड१ चा सामना कधी आहे ते लिहिलं नाहीत. तो सोमवारचा असेल, त्याचे सगळे खेळाडू संपलेले असतील, तुमचाही डिफेन्स सोडून कुणी उरला नसेल आणि तुम्ही अर्ध्या गुणाने पुढे असाल, तर किकऑफआधी ड१ ला बेंचवर बसवून जागा रिकामी सोडा. २८ गुण दिले की डिफेन्स उणेत जाऊ शकतो. रिकामी जागा चालते की नाही ते लीग चालवणाऱ्या कमिशनरला आजच विचारून ठेवा.

निनाद_पुणे

ड१ रविवारी १ चाच आहे. तरी विचारतो.